मेमरी कार्डांची चिमूट

मी बोलते. म्हणजे कुणी माझ्यावर बोट टेकवलं तर बोलते. एरवी मी मुकी. इस्पितळात मला ‘बोलकी पाटी’ म्हणतात. आजारानं ज्यांची वाचा गेली, त्यांच्या घरी मला धाडतात. दिसायला मी एक साधा टॅब आहे. पाठीवर निळं रबरी कवच, धरायला कडी आणि काचेवर चित्रांचे चौकोन. पेल्याच्या चित्रावर बोट ठेवलं की मी ‘पाणी’ म्हणते, पलंगाच्या चित्रावर ठेवलं की ‘झोप’.

कारखान्यातला जन्म सांगण्यासारखा नाही. तिथे माझ्यासारख्या पुष्कळ होत्या आणि सगळ्या मुक्या. मी खरी जन्मले ती एका लहानशा बंद खोलीत. तिथे एका बाईनं माझ्यासाठी एकेक शब्द सुटा सुटा उच्चारला. तिला त्या दिवशी सर्दी झाली होती. म्हणून आजही मी ‘मला’ म्हणायला जाते आणि ते ‘बला’ ऐकू येतं. वाक्य तिनं एकही म्हटलं नाही. कुणाला काय सांगायचं असेल, ते तिला तरी कुठून ठाऊक असणार?

आधी मी गळ्याचं ऑपरेशन झालेल्या एका ट्रकचालकाकडे होते. त्याला माझे दोनच शब्द लागले, ‘नको’ आणि ‘परत’. गळा बरा झाल्यावर त्यानं मला पुसून, पिशवीत घालून परत केलं. मग बरेच दिवस मी इस्पितळाच्या कपाटात, हातमोज्यांच्या खोक्यामागे पडून होते. तिथून मला बाहेर काढलं ते सापडकाकांसाठी.

सापडकाका हे त्यांचं नाव नव्हे. शहराच्या मोठ्या बसस्थानकात हरवलेल्या वस्तूंची एक खोली होती, आणि त्या खोलीच्या खिडकीत ते आयुष्यभर बसले होते. लोक धावत यायचे, धापा टाकत विचारायचे, ‘काका, सापडलं का?’ त्यावरून सगळ्या स्थानकात ते सापडकाका झाले.

पूर्वी त्या खोलीत छत्र्या आणि टोप्या यायच्या. पुढे यंत्रं यायला लागली. इअरफोन, चार्जर, घड्याळं, पॉवरबँका. बाकीची मंडळी सरसकट सगळ्याला ढीग म्हणत. काकांना ते पटेना. द्राक्षांचा घोस असतो, किल्ल्यांचा जुडगा असतो, पक्ष्यांचा थवा असतो, मग ह्या बिचाऱ्यांनी काय घोडं मारलंय, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी प्रत्येक खोक्याला नाव दिलं आणि जाड्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली. इअरफोनचा गुंतवळ. पॉवरबँकांची शिदोरी. पेनड्राइव्हची चिल्लर. मनगटावरच्या, सारखं चाला चाला म्हणून टोचणाऱ्या घड्याळांचा तगादा. सेल्फीच्या काठ्यांची मोळी. कोपऱ्यातला प्रिंटर कुणाचा हरवलेला नव्हता, तो खोलीचाच होता, पण त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी म्हणून त्यांनी त्याच्यावरही लिहून ठेवलं होतं : प्रिंटरांचा रुसवा. आणि एक झाकणाचा लोखंडी डबा होता, बिस्किटांचा. त्यात नखाएवढी कार्डं टाकलेली असायची. त्यावर लिहिलं होतं : मेमरी कार्डांची चिमूट.

हा खेळ ते घरीही आणायचे. त्यांची बायको घरातच पडदे शिवायची. एका दुकानाचं काम होतं ते. समोरच्या खोलीत शिलाई मशीन, भिंतीला टेकवलेले कापडाचे तागे, आणि दोघांचं सगळं बोलणं त्या मशीनच्या खडखडाटावरून. आज अमुक आलंय, ह्याला काय म्हणशील, असं काका विचारायचे. ती टाके घालता घालता उत्तर द्यायची. चार्जरांचा गोतावळा हे नाव तिचंच. एकाचं दुसऱ्याला लागू पडत नाही आणि तरी सगळे एकमेकांना गुंडाळून पडलेले, असं तिनं कारण दिलं होतं. काका त्यावर इतके हसले होते की त्यांना ठसका लागला होता. हे सगळं तिनंच इस्पितळात सांगितलं, वाचा शिकवणाऱ्या बाईंना. सांगताना ती माझी कडी हातात धरून नुसती उघडझाप करत होती.

कारण मेंदूचा झटका काकांचे शब्द घेऊन गेला होता. उजवा हात गेला, उजवा पाय ओढायला लागला, ते एक वेळ सोसण्यासारखं होतं. पण बोलायला तोंड उघडलं की एकच शब्द बाहेर पडायचा. ‘तेच.’ पाणी हवं असलं तरी ‘तेच’. दुखलं तरी ‘तेच’. समजत त्यांना सगळं होतं. डोळे आधीसारखेच होते. शब्द आत कुठेतरी होते आणि दार सापडत नव्हतं.

आता एक गोष्ट मला पुष्कळ नंतर कळली, ती तुम्हाला आधीच सांगून टाकते. ती माहीत नसताना त्या घरात जे चाललं होतं ते किती जीवघेणं होतं, हे तुम्हाला कळायचं नाही.

काकांच्या खिडकीशी एक तरुण बाई यायची, कडेवर तान्हं बाळ घेऊन. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. डोक्यात शस्त्रक्रिया करून बसवलेलं एक यंत्र होतं, आणि कानामागे लावायचा त्याचा बाहेरचा भाग असला की तिला ऐकू यायचं. तो भाग बसमध्ये पडला. बाळानं ओढला असावा. नवा घेणं तिच्या आवाक्याबाहेरचं होतं. ती ओठांवरून बोलणं ओळखायची, म्हणून काका तिच्याशी सावकाश, तोंड नीट उघडून बोलायचे. तिनं त्या भागाचं चित्र काढून दिलं होतं. बाळ झोपलं की ती त्याच्या पोटावर हात ठेवून बसते, नाहीतर ते रडलं तर तिला कळतच नाही, असं तिनं काकांना सांगितलं होतं.

झटका आला त्या सकाळी झाडूवाल्यांनी सीटखालचा कचरा आणून दिला आणि त्यात काकांना तो भाग मिळाला. इअरफोनमध्ये गेला तर पुन्हा हरवेल म्हणून त्यांनी तो झाकणाच्या डब्यात टाकला. चिमटीच्या डब्यात. जेवणाच्या सुट्टीत तिला निरोप धाडू, असं त्यांनी ठरवलं. जेवणाची सुट्टी व्हायच्या आत ते खुर्चीवरून खाली पडले होते.

म्हणजे ती बाई बहिरी होऊन बसली होती, तिचा कान एका डब्यात होता, आणि तो कुठे आहे हे ज्या एका माणसाला माहीत होतं, त्याला सगळ्या भाषेतला एकच शब्द येत होता.

मी त्या घरी गेले तेव्हा काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वाचा शिकवणाऱ्या बाईंनी त्यांचं डावं बोट धरून पेल्यावर ठेवलं. मी म्हटलं, ‘पाणी.’ काकांनी बोट काढून घेतलं. मला त्यांचा राग आला नाही. ज्या माणसानं घड्याळांच्या खोक्याला तगादा म्हटलं, त्याच्यापुढे मी पाणी, झोप, दुखतंय घेऊन उभी होते. भरल्या बाजारात खिशात दोन दगड घेऊन जावं तशी.

पहिले काही आठवडे मी उशाशी पालथी पडलेली असायचे. मशीनचा आवाज यायचा. मध्येच थांबायचा. मग मला कळायचं, ती मान वळवून त्यांच्याकडे बघत असणार. ती काहीतरी सांगायची, दुकानातलं, शेजारचं, आणि वाक्याच्या शेवटी थोडी जागा ठेवायची, पूर्वी जिथे ते बोलायचे तेवढी. ती जागा रिकामी जायची. मग मशीन पुन्हा सुरू.

त्यांची मुलगी दुसऱ्या भागात राहायची. एका कंपनीत दिवसभर लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकायचं काम करायची आणि काम सुटल्यावर यायची. एकदा तिनं घरातल्या सगळ्या चार्जरांचा गोळा करून वडिलांच्या मांडीवर ठेवला आणि लाडानं विचारलं, ‘बाबा, ह्याला काय म्हणतात?’ काका बघत राहिले. ओठ हलले. ‘तेच,’ ते म्हणाले. ‘तेच, तेच.’ आणि डाव्या हातानं त्यांनी तोंड झाकून घेतलं.

आई मशीनवरून उठली. ‘त्यांची परीक्षा घेऊ नकोस,’ ती म्हणाली. ‘माझ्याच्यानं बघवत नाही.’

एका संध्याकाळी काकांचा खिडकीवरचा जोडीदार भेटायला आला. उंचीमुळे त्याला सगळे लंबू म्हणत. जीव लावणारा माणूस, पण आजाऱ्यापाशी काय बोलावं ते न सुचून बडबड करत सुटणारा. चहा पिता पिता त्यानं सांगितलं की नवे साहेब आलेत, खोली दुसरीकडे हलवणार आहेत, आणि कुणी न नेलेली सगळी यंत्रं पुढच्या आठवड्यात भंगारात जाणार आहेत. बरं झालं, जागा मोकळी होईल, असंही तो म्हणाला.

काकांनी चहाचा कप बाजूला सारला. तो उलटला. कुणी तो पुसायच्या आत त्यांनी मला ओढून मांडीवर घेतलं, सुलटं केलं, आणि पहिल्यांदा आपल्या मनानं माझ्यावर बोट ठेवलं.

‘डबा,’ मी म्हटलं.

बायकोचे डोळे भरून आले. त्यांनी स्वतःहून काही मागितलं होतं. ती स्वयंपाकघरात गेली आणि लंबूला दिला होता तोच खाऊ डब्यात घालून घेऊन आली. काकांनी डबा ढकलून दिला. पुन्हा माझ्यावर बोट. ‘डबा. कान.’

दुसऱ्या दिवशी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी दोन्ही कानांत पिचकारीनं पाणी मारलं, मळ काढला, आणि आता बरं वाटेल म्हणाले. काका त्या खुर्चीत बसून रडत होते. डॉक्टरांना वाटलं दुखलं असेल.

मग मुलगी आली, तेव्हा त्यांनी तिच्यासमोर मला धरलं. ‘बाई. बाळ. बाई. बाळ.’ मुलीचा चेहरा उतरला. तिला मूल होत नव्हतं, आणि त्या घरात तो विषय सगळेच टाळायचे. ‘तुम्हीसुद्धा, बाबा?’ एवढंच ती म्हणाली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. काका माझ्यावर बोट आपटत राहिले. नको. नको. नको. तो नकार कशाला होता, हे त्या घरात फक्त त्यांना आणि मला कळत होतं. मला तरी कुठे पूर्ण कळत होतं? मला इतकंच समजत होतं की ह्यांना जे म्हणायचंय ते माझ्यात नाही. मी माझे सगळे चौकोन त्यांच्यापुढे उघडे ठेवले होते आणि एकाही चौकोनात तो शब्द नव्हता. तेव्हा त्यांनी मला भिंतीवर फेकलं. माझा खालचा कोपरा तडकलाय तो तेव्हाचा. मला लागलं, पण ते मी मनात धरलं नाही. मला स्वतःलाच फेकावंसं वाटत होतं.

मुलगी दोन दिवस फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती काहीतरी मनाशी ठरवूनच. तिनं मला उचललं, कोपऱ्याला चिकटपट्टी लावली आणि आईला म्हणाली की ह्या पाटीत आपल्याला हवे ते शब्द घालता येतात, बाबांची नावं घालू या. आई मशीनपाशी बसून आठवून आठवून सांगत होती, आणि मुलगी माझ्या तोंडाशी तोंड आणून एकेक नाव म्हणत होती. त्या बंद खोलीतल्या बाईनंतर पहिल्यांदा कुणीतरी माझ्यात आवाज भरत होतं. ह्या आवाजाला सर्दी नव्हती, पण तो मध्येच कापत होता. गुंतवळ. शिदोरी. तगादा. चिल्लर. रुसवा. गोतावळा. चिमूट.

काकांपुढे मला ठेवलं. त्यांनी चित्रांवरून नजर फिरवली. प्रिंटरवर बोट ठेवलं, मी त्यांच्या मुलीच्या आवाजात ‘रुसवा’ म्हटलं, आणि त्यांच्या घशातून एक आवाज निघाला. झटक्यानंतर ते पहिल्यांदा हसले होते. बायकोनं हातातल्या पडद्याच्या कापडातच तोंड खुपसलं.

मग त्यांना तो चौकोन दिसला. ते त्यावर पुन्हा पुन्हा बोट टेकवू लागले.

‘चिमूट,’ मी म्हटलं. ‘चिमूट. चिमूट. चिमूट.’

मुलगी टाळ्या वाजवत हसायला लागली. तिला वाटलं, लाडकं नाव सापडलं. काकांचा चेहरा लाल झाला. ते मान हलवत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्या दोघी हसत होत्या, इतक्या दिवसांनी हसत होत्या. त्या क्षणी मला जर स्वतःच्या मनानं एक शब्द बोलता आला असता, तर मी ओरडले असते, थांबा, ऐका.

आधी हसायची थांबली ती बायको. तिनं मशीनचं चाक हातानं धरलं.

‘हसू नकोस गं,’ ती मुलीला म्हणाली. ‘ते खेळत नाहीयेत.’ ती उठून त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. ‘चिमूट. बरं. मग?’

‘डबा,’ मी म्हटलं.

‘चिमटीचा डबा. मी खुळी, खाऊ भरत बसले. कार्डांचा डबा ना? त्यात काय?’

‘कान.’

काकांनी श्वास रोखला होता. मग त्यांनी अगदी सावकाश, एकेक चौकोन दाबला. बाई. बाळ. कान. नको. म्हणजे, कान नाही. माझ्याजवळ ‘नाही’ नाही, ‘नको’ आहे.

‘ती खिडकीशी यायची ती?’ बायकोनं विचारलं. ‘तुम्ही जेवताना सांगायचात ती, ऐकू न येणारी? तिचं सापडलं?’

काकांनी जोरानं मान डोलावली. आता मला कुणी विचारायचं कारण उरलं नव्हतं.

मुलीनं लंबूला फोन केला. लंबू म्हणाला, खोली आज सकाळीच रिकामी झाली.

रिक्षानं, टॅक्सीनं, कशानं गेले मला आठवत नाही. मी मुलीच्या पिशवीत होते, आणि त्या गडबडीत मला चार्जिंगला लावायचं राहून गेलं होतं. स्थानकाच्या मागे, बस धुतात त्या आवारात गोण्या रचलेल्या होत्या. भंगाराचा ट्रक लागला होता. अर्धा भरून झाला होता. चिठ्ठ्या चिकटवलेली खोकी फाडून चपटी करून एका बाजूला टाकली होती, आणि पाण्यानं काकांचं अक्षर फुटून पसरलं होतं.

नवे साहेब तरुण होते, वाईट नव्हते. गोण्यांना सील लागलंय, आता माझ्या हातात काही नाही, असं ते म्हणाले. काकांशी न बोलता ते बायकोशीच बोलत होते, जसे आता सगळेच बोलायचे.

‘साहेब, ह्यांना बोलता येत नाही म्हणून मी बोलते,’ ती म्हणाली. ‘एक बाई आहे. तिचं तान्हं रडलं तर तिला ऐकू येत नाही. तिचा कान ह्या गोण्यांत आहे.’

साहेबांनी ट्रककडे पाहिलं, गोण्यांकडे पाहिलं. ‘मी चहा घेऊन येतो,’ ते म्हणाले. ‘ट्रक निघेपर्यंत काय ते बघा.’ आणि पाठ फिरवून गेले.

लंबूनं सील कापलं. ताडपत्रीवर गोण्या उपड्या झाल्या. तो सगळा संसार एकात एक मिसळून गेला होता. गुंतवळात तगादा अडकला होता, शिदोरीवर चिल्लर सांडली होती. नावंच राहिली नव्हती, आता तो खरोखरच नुसता ढीग होता. बायको आणि मुलगी गुडघ्यांवर बसून उपसत होत्या. बोटाच्या पेराएवढी वस्तू, इअरफोनसारखीच दिसणारी. काका मला छातीशी धरून उभे होते आणि एकच चौकोन दाबत होते. डबा. डबा.

‘अहो, डबा नाही दिसत कुठे,’ बायको वर न बघता म्हणाली. ‘कार्डं सांडलीयत इथे. डबा रिकामा करून टाकला त्यांनी. इथेच असेल, बघतोय आम्ही.’

डबा. डबा. आत. डबा.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. माझ्या काचेच्या कोपऱ्यात लाल रेघ आली होती. मला माझा शेवट कळत होता आणि काकांनाही तो दिसत होता. त्यांनी ताडपत्रीकडे पाठ केली आणि पाय ओढत ट्रककडे निघाले. मागच्या फळीशी लोखंडाचं पिंप होतं, त्यात स्टँड, पट्ट्या, चेपलेले डबे. त्यांनी मला पिंपाच्या काठावर आपटून धरलं आणि दाबलं. ‘डबा,’ मी म्हटलं. ‘आत.’ तिसऱ्या शब्दाला माझ्यात जीव उरला नाही. काच काळी पडली.

पुढचं मी पाहिलं नाही. मुलगी वाचा शिकवणाऱ्या बाईंना सांगत होती, ते ऐकलं. माझा आवाज बंद झाला तेव्हा काका ओरडले. शब्द नव्हता, नुसती किंकाळी. आवारातली माणसं धावली. लंबूनं पिंप आडवं केलं. बिस्किटांचा डबा तळाशी होता, झाकण गेलेलं. लंबूनं तो पालथा करून दाखवला, काका, रिकामा आहे हो. काकांनी तो हिसकावून घेतला आणि आत हात घातला.

त्या कानाच्या यंत्राला एक चकती असते, तिच्यात लोहचुंबक. डोक्याच्या आतल्या भागाला चिकटून राहावं म्हणून. काकांनी ते डब्यात टाकलं, तेव्हाच ते तळाला टक्कन चिकटलं होतं. डबा उलटा केला, ठोकला, फेकला, तरी ते गोचिडीसारखं धरून बसलं होतं.

ती बाई आठवड्यानं घरी आली. यंत्र ओलं झालं होतं, पण वाळवून, साफ करून चालू झालं होतं. ती दारात उभी राहिली तेव्हा मी काकांच्या मांडीवर होते. तिचा आवाज मोठा आणि सपाट होता.

‘मी रोज यायचे,’ ती काकांना म्हणाली. ‘खिडकीत दुसरंच कुणीतरी असायचं. त्यांना विचारलं तर ते मान फिरवून बोलायचे. मला काही कळायचं नाही.’

काका माझ्यावर बोट फिरवत राहिले आणि कुठेच टेकवलं नाही. एवढ्यात बाळ रडलं. ती दचकली, आणि मग त्याला उचलायच्या आधी क्षणभर तशीच ऐकत राहिली. काका तिच्याकडे बघत होते.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण माणसांचं तसं नसतं. पुढच्या महिन्यात काकांना वैद्यकीय मंडळापुढे बोलावलं. ते पुन्हा कामावर येऊ शकतात का, हे ठरवायचं होतं. त्यांना जायचं होतं. आदल्या दिवशी त्यांनी डाव्या हातानं स्वतःचे बूट पुसले. टेबलामागच्या माणसानं अगदी साधा प्रश्न विचारला, ‘आपलं नाव सांगा.’

काकांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्यात पाणी होतं, झोप होती, गुंतवळ आणि गोतावळा होता. नाव नव्हतं. मुलीनं इतके शब्द भरले, पण ते भरायचं कुणालाच सुचलं नाही. घरात त्यांना नावानं हाक मारणार कोण? बायकोचे ते अहो, मुलीचे बाबा, जगाचे सापडकाका. त्यांनी उगाचच ‘मला’च्या चौकोनावर बोट ठेवलं आणि मी म्हटलं, ‘बला.’ टेबलामागचा माणूस हसला नाही. त्यानं बायकोकडे वळून विचारलं, आणि तिनं सांगितलं. त्यांना नोकरीतून मोकळं केलं.

त्या दिवसापासून ते पुन्हा कमी बोलू लागले, म्हणजे मला कमी दाबू लागले. खेळाची नावं तर अजिबातच नाही. मुलगी येते, जुने चौकोन दाखवते, ते मान वळवतात. खोलीच नाही, तर नावं कुणाला देणार?

आता माझंही फार उरलेलं नाही. माझी बॅटरी फुगलीय. काच एका बाजूनं उचलली गेलीय आणि दुरुस्तीवाल्यानं निक्षून सांगितलंय की ह्याला पुन्हा चार्जिंगला लावू नका. उद्या मला परत नेऊन देणार आहेत आणि नवी पाटी आणणार आहेत. तिच्यात पाणी असेल, झोप असेल. मुलीच्या आवाजातले शब्द तिच्यात जातील की नाही, हे कुणाला सांगता आलं नाही.

माझं मागणं एकच. तुमच्या घरात, खिडकीत, बसच्या रांगेत कुणी शब्द शोधत उभं असेल, तर त्याच्या तोंडात आपला शब्द घालू नका. मी तेच करत आले. माझ्याजवळ जे होतं ते मी त्यांच्या तोंडात घातलं, आणि त्यांना कानात पिचकारी मारून घ्यावी लागली. थांबा. थांबणं सोपं नाही, हे मला ठाऊक आहे.

हे आज संध्याकाळचं. ती मशीनवर होती. दुकानाची घाई होती, दोन खिडक्यांचे पडदे सकाळी द्यायचे होते. काका पलंगावर. त्यांनी घशातून आवाज केला. तिनं मशीन थांबवलं, उठून मला त्यांच्यापाशी आणून ठेवलं. उरलंसुरलं बळ गोळा करून मी चौकोन उजळले.

काकांनी मला बाजूला सारलं. फेकलं नाही, नुसतं सारलं. मग त्यांनी ओठ मिटले. पुन्हा उघडले. मान पुढे काढली. ‘ब,’ ते म्हणाले. पुढे काही येईना. कपाळावर घाम आला. तिच्या ओठांवर डझनभर शब्द आले असतील, मला दिसत होते. तिनं एकही सोडला नाही. ती तिथेच उभी राहिली, हातात सुई, दोऱ्याचं टोक लोंबत.

‘ब... बस,’ ते म्हणाले.

‘बस?’ तिनं विचारलं. ‘स्थानकात जायचंय? बसनं?’

त्यांनी मान हलवली. नाही. डावा हात उचलला आणि पलंगावर, आपल्या शेजारी, दोनदा थोपटलं.

तिनं सुई पडद्याच्या कापडात टोचून ठेवली आणि बसली.